खरं बोललेल्या पोराला बाहेर काढू नका : टीम घेऊन येणाऱ्या सगळ्या कोचना एका रेफरीचं खुलं पत्र

सगळ्या कोच सरांना, आणि टचलाइनला उभे असतात त्या आई-बाबांनाही,

नमस्कार.

मी रेफरी आहे. फिफा बॅजवाला मोठा वगैरे नाही, आठवडाभर शिरोली एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि शनिवार-रविवार शाळांच्या, अंडर-१३, अंडर-१५ च्या मॅच घेतो, अकरा वर्षं झाली आता. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात. खाली नाव टाकत नाही, कारण नाव टाकलं की कुठली मॅच, कुठली टीम, कुठला पोरगा हे दोन मिनिटांत सगळ्या ग्रुपवर फिरेल, आणि त्या पोराने भोगायचं तेवढं भोगलंय, अजून नको.

झालं असं. पाऊस नुकताच संपलेला, अंडर-१३ ची सेमीफायनल, १-१, शेवटची तीन-चार मिनिटं. मैदान ओलं, गोलपोस्टसमोर तर नुसता लाल चिखल. उजवीकडून कॉर्नर आला, सहा-सात पोरं एकमेकांत अडकलेली, बॉल लांबच्या पोस्टला गेला आणि जाळ्यात. मी बॉक्सच्या कडेला होतो, माझ्या आणि बॉलच्या मधे दोन उंच डिफेंडर, आणि लाइन्समन म्हणाल तर एका पालकाच्याच हातात फ्लॅग दिलेला, ते हाफलाइनपाशी उभे. मला हेडर वाटला. शिट्टी मारली, सेंटरकडे हात केला, गोल. टीमची पोरं १४ नंबरच्या अंगावर उड्या मारायला लागली आणि तो त्यांच्यातनं वाट काढत काढत माझ्यापाशी आला, म्हणाला, "सर, हाताला लागून गेला." मी म्हटलं कुठं, तर त्याने उजवा हात पुढे केला. कोपराच्या जरा खाली ओल्या मातीचा ठसा होता, बॉलची शिवण पण त्यात दिसत होती.

नियम सरळ आहे. गोल करणाऱ्याच्याच हाताला लागून बॉल आत गेला तर मुद्दाम असो नसो, गोल नाही. आणि खेळ परत सुरू व्हायच्या आत रेफरीला आपला निर्णय बदलता येतो. मी बदलला, समोरच्या टीमला फ्री किक दिली.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी हे बघितलंय आणि काहींनी केलंय. कोच बाहेरून ओरडला, "लई शहाणा झालास व्हय रं? ये भाईर!" आणि त्याच मिनिटाला सब. पोरगा मान खाली घालून बाहेर. मॅच टायब्रेकरला गेली, हरले. मॅचनंतर त्या टीमला केळी आणि बिस्किटाचे पुडे वाटत होते, हा बॅगांच्या ढिगाशेजारी एकटा बसून शिनगार्ड काढत होता, कुणी त्याला हाक मारली नाही आणि तोही उठून घ्यायला गेला नाही. मी गाडीच्या सीटवर कागद ठेवून रिपोर्ट भरत होतो, पाच-सहा पावलांवर. तेवढ्यात त्याचे वडील आले, आणि जे बोलले ते माझ्या डोक्यातनं अजून जात नाही. "हँड बघायला रेफरी हाय न्हवं तितं? तुला कुणी सांगिटलंतं मधी बोलायला?"

मी काही बोललो नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं "गोल रद्द, हँडबॉल", सही केली आणि निघालो. यलो कार्ड कुणाला, रेड कुणाला, सगळ्याला रकाने आहेत, त्या पोराने जे केलं त्याला रकाना नाही. पण रकाना नव्हता म्हणून मी गप्प बसलो असं म्हणणं बरोबर नाही, मला उठून जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवता आला असता, त्या वडिलांना सांगता आलं असतं. नाही केलं. म्हणून आता हे पत्र.

त्या वडिलांचं वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. १८ नोव्हेंबर २००९, पॅरिस, फ्रान्स विरुद्ध आयर्लंड, वर्ल्डकप क्वालिफायरचा प्लेऑफ, दुसरा लेग, एक्स्ट्रा टाइम. फ्रान्सच्या तिएरी ऑन्रीने बाहेर चाललेला बॉल डाव्या हाताने अडवला, परत हातानेच पुढ्यात घेतला आणि गालासला दिला, गालासचा हेडर, गोल. फ्रान्स वर्ल्डकपला, आयर्लंड घरी. मॅच संपल्यावर ऑन्रीने कबूल केलं की हो, हाताला लागला, पण मी रेफरी नाही, असं त्याचं म्हणणं होतं. नंतर त्याने मॅच परत खेळवणं हेच न्यायाचं होईल असंही म्हटलं, ते त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे, पण तोपर्यंत सगळं होऊन गेलेलं. फिफाने मॅच काही परत खेळवली नाही, आणि २०१५ ला बाहेर आलं की आयर्लंडने कोर्टात जाऊ नये म्हणून त्यांच्या फेडरेशनला ५० लाख युरो दिले होते.

सगळे ऑन्रीबद्दल बोलतात, मी मात्र त्या रेफरीचा विचार करतो. मार्टिन हॅन्सन, स्वीडनचा, नोकरी फायर ब्रिगेडमध्ये. टीव्हीपुढच्या लाखो लोकांना चार अँगलने दिसलं, त्याला एकट्याला दिसलं नाही, कारण तो ज्या जागी उभा होता तिथून ते दिसत नव्हतं. माझ्या आणि बॉलच्या मधे दोन डिफेंडर होते तसंच. जगभर शिव्या त्याने खाल्ल्या. आता तुम्ही म्हणता ना पोरांना, की रेफरीचं काम रेफरीला करू दे, तर कोच सर, हाताला बॉल लागलेला ज्याचा हात असतो त्याला शंभर टक्के कळतं. आम्ही वीस मीटरवरून दोन डोळ्यांनी अंदाज घेतो. ते त्याच्या अंगाला लागलेलं असतं.

इथे एक गोष्ट वेगळी करतो, कारण नेहमी दोन्ही एकात घालतात. २०१० च्या वर्ल्डकपला उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल लाइनवर हाताने अडवला. अख्ख्या स्टेडियमसमोर. रेड कार्ड मिळालं, पेनल्टी दिली, ग्यानने क्रॉसबारला मारली आणि घाना बाहेर. वाईट वाटलं, मलाही, आफ्रिकेतला वर्ल्डकप आणि आफ्रिकेची शेवटची टीम. पण त्याने लपवलं काही नाही, नियमात जी शिक्षा आहे ती घेऊन तो बाहेर गेला. फाउल करणं आणि रेफरीला फसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाउलचा हिशोब मैदानावर होतो. फसवलं की त्याची किंमत दुसराच कुणीतरी भरतो. २००२ ला ब्राझील-तुर्कस्तान मॅचला कॉर्नर फ्लॅगपाशी तुर्कस्तानच्या हाकान उन्सालने मारलेला बॉल ब्राझीलच्या रिवाल्डोच्या पायाला लागला आणि रिवाल्डो तोंड धरून खाली पडला. उन्सालला रेड. नंतर फिफाने रिवाल्डोला दंड केला, साडेअकरा हजार स्विस फ्रँक. तेवढंच. आणि पोरं नेमकं तेच उचलतात, मी दर रविवारी बघतो, बारा वर्षांचा पोरगा मांडीला धक्का लागला की तोंड धरतो.

मग तुम्ही म्हणता, सर, प्रोफेशनल लेव्हलला खरं बोलून चालत नाही, तिथे पैसा असतो, नोकरी असते. मी पण असंच समजायचो. पण चालवलेली माणसं आहेत आणि ती काही ऐरीगैरी नाहीत.

२६ सप्टेंबर २०१२, इटलीची लीग, नापोली विरुद्ध लात्सिओ. मॅच नुकतीच सुरू झालेली, ०-०, कॉर्नरवर लात्सिओच्या मिरोस्लाव क्लोसाचा हात लागून बॉल जाळ्यात. रेफरी लुका बांतीने गोल दिला. नापोलीची पोरं गराडा घालून भांडायला लागली, रेफरीने क्लोसाला विचारलं आणि तो म्हणाला हो, हात लागला. गोल रद्द. नापोलीचे प्लेअर त्याची पाठ थोपटून गेले. लात्सिओ ती मॅच ३-० ने हरली, नापोलीच्या कावानीची हॅटट्रिक. म्हणजे खरं बोलल्याचं बक्षीस वगैरे मिळालं असं काही झालं नाही आणि मला ते सांगायचंही नाही. मला एवढंच सांगायचंय की तो पुढेही खेळत राहिला. त्याला कुणी बेंचवर बसवलं नाही. दीड-पावणेदोन वर्षांनी त्याच माणसाने जर्मनीकडून वर्ल्डकपमधल्या सगळ्यात जास्त गोलचा रेकॉर्ड केला आणि वर्ल्डकप उचलला.

मार्च २०१४ ला जर्मनीच्या लीगमध्ये ब्रेमेनचा आरोन हुंट न्यूर्नबर्गच्या बॉक्समध्ये पडला, रेफरी ग्रेफेने पेनल्टी दिली, हुंट उठून म्हणाला फाउल नव्हता. पेनल्टी रद्द, रेफरीने त्याचा हात हातात घेतला. ब्रेमेन तेव्हा खालच्या डिव्हिजनला जायच्या टेन्शनमध्ये होती, जरी त्या मॅचला २-० ने पुढे असली तरी. आणि १९९७ ला आर्सेनलच्या मैदानावर लिव्हरपूलचा रॉबी फाउलर, आर्सेनलचा गोलकीपर सीमनच्या अंगावरून पडला आणि पडल्या पडल्या हात हलवून सांगायला लागला की नाही नाही, त्याने मला पाडलं नाही. रेफरीने ऐकलं नाही. पेनल्टी घ्यायला लावली, सीमनने अडवली, रिबाउंडवर मॅकएटीयरने गोल केला. ही चूक आमच्या बाजूची. प्लेअर स्वतःच्या तोट्याचं काही सांगतोय तर रेफरीने थांबून ऐकलं पाहिजे, हे मी माझ्या सगळ्या नव्या रेफरींना सांगतो.

आता खास कोच लोकांसाठी. २८ एप्रिल २०१९, लीड्स विरुद्ध ॲस्टन व्हिला, इंग्लंडची सेकंड डिव्हिजन, ज्याला चॅम्पियनशिप म्हणतात. व्हिलाचा कोजिया दुखापत होऊन खाली, व्हिलाच्या पोरांना वाटलं लीड्स बॉल बाहेर मारणार, लीड्सच्या एकाने तसं थांबल्यासारखं केलं पण, आणि लीड्सच्याच क्लिचने पुढे जाऊन गोल मारला. मग जी धक्काबुक्की झाली त्यात लीड्सचाच बॅमफोर्ड तोंडावर मारल्यासारखा खाली पडला, व्हिलाच्या एल गाझीला रेड. रिप्लेमध्ये तोंडाला काही लागलेलंच नव्हतं. पुढे ती रेड मागे घेतली गेली आणि रेफरीला फसवलं म्हणून बॅमफोर्डला दोन मॅचची बंदी. एवढा सगळा गोंधळ चालू असताना लीड्सचा कोच मार्सेलो बिएल्सा टचलाइनवरून ओरडतोय, त्यांना गोल करू द्या. खेळ सुरू झाला, व्हिलाचा अडोमा बॉल घेऊन चालत गेला, लीड्सचे सगळे बाजूला, एका यान्सनला पटलं नव्हतं, तो अडवायला गेला, तरी गोल झाला. १-१. त्या ड्रॉने लीड्सचा थेट प्रमोशनचा उरलासुरला चान्स गेला, पुढे प्लेऑफमध्ये पण हरले, पंधरा वर्षं प्रीमियर लीगच्या बाहेर असलेला क्लब आणखी एक वर्ष बाहेर राहिला.

मी ही क्लिप तीसेक वेळा बघितली असेल. त्यात बिएल्साचं एक आवडतं, त्याने ते क्लिचवर किंवा कॅप्टनवर सोडलं नाही. पोरांना ठरवायला लावलं असतं तर अकरा जणांत अकरा मतं झाली असती, यान्सनला तर पटलंच नव्हतं. कोचने ठरवलं, शिव्या कोचने खाल्ल्या, आणि पोरं मोकळी. आपल्याकडे १२ वर्षाच्या पोराने एकट्याने ठरवलं आणि एकट्याने खाल्लं.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते सांगायला मला दोन माणसं पुरेशी आहेत. फुटबॉलमधली फसवणूक थांबत नाही ती फसवणारे हुशार असतात म्हणून नाही, जो सांगतो त्याला त्याचीच माणसं एकटं टाकतात म्हणून थांबत नाही.

पहिला झाक ग्लासमान. फ्रान्सच्या व्हॅलेन्सिएन्स क्लबचा डिफेंडर. १९९३ चा मे महिना. मार्से या फ्रान्सच्याच मोठ्या क्लबची टीम २६ तारखेला एसी मिलानशी चॅम्पियन्स लीगची फायनल खेळणार होती, आणि त्याच्या सहा दिवस आधी २० तारखेला त्यांची लीगची मॅच होती व्हॅलेन्सिएन्सशी. फायनलच्या आधी कुणी जखमी होऊ नये, लीगचे पॉइंट पण मिळावेत, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या रूममध्ये फोन आला, मार्सेचा प्लेअर एइडली, यांचा ओळखीचा. तिघांना पैशाची ऑफर, ग्लासमान, रोबेर आणि बुरुचागा. बुरुचागा म्हणजे १९८६ च्या वर्ल्डकप फायनलचा विनिंग गोल मारलेला अर्जेंटिनाचा बुरुचागा, लहान माणूस नव्हे. ग्लासमानने आपल्या कोचला सांगितलं, आणि हाफटाइमला ते रेफरीपर्यंत गेलं. मॅच मार्सेने १-० ने जिंकली, सहा दिवसांनी फायनल पण १-० ने जिंकले, बोलीचा हेडर. मग पोलिसांनी रोबेरच्या नातेवाइकाच्या बागेत खणलं तर जमिनीत पुरलेली पाकिटं, अडीच लाख फ्रँक. मार्सेचं लीगचं टायटल काढून घेतलं, पुढच्या वर्षी टीमला खाली टाकलं, मालक बेर्नार तापी, जो मंत्री राहिलेला माणूस, तुरुंगात गेला.

आणि ग्लासमान? ग्लासमानला मैदानामैदानावर हुर्यो. मार्सेचे लोक चिडले ते समजू शकतो, पण ज्यांचा काही संबंध नाही त्या मैदानांवर पण लोक त्याला शिट्ट्या घालत होते. चांगला क्लब मिळेना, शेवटी हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर जाऊन खेळला. १९९५ ला फिफाने त्याला फेअर प्ले अवॉर्ड दिला. अवॉर्ड मिळाला, क्लब मिळाला नाही. हे वाक्य मी लिहितोय आणि मला ते १४ नंबरचं पोरगं बॅगांशेजारी बसलेलं दिसतंय.

दुसरा सिमोने फारीना. इटलीच्या गुब्बिओ नावाच्या छोट्या क्लबचा डिफेंडर, २०११. जुन्या सहकाऱ्याने दोन लाख युरो देऊ केले, चेझेनाविरुद्धची कप मॅच फिक्स करण्यासाठी. सेकंड डिव्हिजनच्या साध्या डिफेंडरला ही केवढी रक्कम आहे याचा विचार करा. तो पोलिसांकडे गेला. डिसेंबरमध्ये सतरा जणांना अटक झाली. इटलीच्या नॅशनल कोचने त्याला सन्मान म्हणून टीमबरोबर प्रॅक्टिसला बोलावलं, फिफाने झुरिकला स्टेजवर नेलं, टाळ्या वाजवल्या. आणि सीझन संपला तेव्हा तिशीतल्या त्या माणसाला आपल्या देशात खेळायला क्लब नव्हता. शेवटी इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलाने त्याला पोरांना शिकवायच्या कामावर घेतलं.

यांना शिक्षा कुणी दिली? फिक्सरनी नाही, ते तर आत होते. आपल्याच ड्रेसिंग रूमने, आपल्याच गॅलरीने, शिस्तीत फोन न उचलणाऱ्या क्लबांनी. प्रत्येकाने थोडी थोडी दिली. आणि ही सवय पस्तिसाव्या वर्षी लागत नाही, ती अंडर-१३ ला लागते, जेव्हा टीममधला एक जण खरं बोलतो आणि बाकीचे चौदा जण कोचच्या तोंडाकडे बघून ठरवतात की आता याला केळं द्यायचं का नाही.

हे सगळं युरोपातलं झालं असं म्हणू नका. शेजारी गोव्यात २००४ ला सेकंड डिव्हिजनच्या शेवटच्या दिवशी प्रमोशन गोल डिफरन्सवर (मारलेल्या आणि खाल्लेल्या गोलमधल्या फरकावर) अडलेलं होतं आणि दोन मॅचचे स्कोअर लागले ५५-१ आणि ६१-१. चारही क्लब सस्पेंड झाले. रेफरी म्हणून मी हिशोब करतो, ९० मिनिटांत ६२ गोल म्हणजे दीड मिनिटाला एक, बॉल जाळ्यातनं काढून सेंटरला आणायचा तोच वेळ. त्या चार टीमची पोरं जन्मतः फिक्सर होती काय? गोव्याची पोरं, फुटबॉल रक्तात असलेली. त्या चव्वेचाळीस जणांत एक ग्लासमान असता तर, असं वाटतं, पण मग हेही वाटतं की असता तर आपण त्याचं काय केलं असतं.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारी सिस्टीम, आलाय आता, टेक्नॉलॉजी बघून घेईल, असंही ऐकतो. व्हीएआर चारच गोष्टी बघायला आणला, गोल, पेनल्टी, डायरेक्ट रेड आणि चुकीच्या माणसाला कार्ड. आणि आपल्या मैदानावर कॅमेरा सोडा, दुसरा लाइन्समन मिळत नाही. आपल्या पोरांची पहिली आठ-दहा वर्षं अशाच मैदानांवर जातात. मॅचला एक शिट्टी, एक माणूस, आणि बाकी सगळं पोरांवर. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला भारताकडून अंडर-१७ वर्ल्डकप खेळला तेव्हापासून प्रत्येक पेठेत एकेक अनिकेत तयार करायचाय सगळ्यांना, चांगलंच आहे, मलाही बघायचाय. पण तो पोरगा वर जाईल तेव्हा त्यालाही फोन येईल. भारतात पण असे फोन आलेत, २०१८ ला आय-लीगमध्ये मिनर्व्हा पंजाबच्या प्लेअरना ऑफर आली, प्लेअरनी क्लबला सांगितलं आणि क्लब पाठीशी उभा राहिला, तक्रार वरपर्यंत केली. ती पोरं सांगू शकली कारण सांगितल्यावर आपल्याला कुणी बाहेर काढणार नाही याची त्यांना खात्री वाटली असणार. ती खात्री आपण आपल्या पोरांना देतोय का?

आता त्या १४ नंबरचं पुढचं सांगतो. सेमीफायनलनंतर महिन्याभराने दुसरी टुर्नामेंट, परत तीच टीम, परत मी. तो बेंचवर. सेकंड हाफला आणला. बॉल साइडलाइनवरून बाहेर गेला, दोन पोरं एकदम लागलेली, मला नक्की दिसलं नाही, मी त्याला विचारलं, "तुझा टच का?" साधा थ्रो-इन, हाफलाइनजवळचा, त्याने मॅचला काडीचा फरक पडत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आधी बेंचकडे बघितलं. मग मान हलवली, नाही. समोरच्या पोराच्या तोंडावरून मला कळलं की बॉल १४ नंबरच्याच पायाला लागून गेलाय.

त्या रात्री मी हे पत्र लिहायला घेतलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि हे फार अवघड नाही. इटलीत सेकंड डिव्हिजनने दहाएक वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड आणलं होतं, यलो-रेडसारखं, पण चांगल्या वागणुकीसाठी. पहिलं मिळालं २०१६ ला विचेन्झाच्या क्रिस्तिआन गालानोला. कशासाठी, तर त्याच्या टीमला कॉर्नर दिला होता आणि त्याने रेफरीला सांगितलं की समोरच्याचा बॉलला टच नव्हता, कॉर्नर नाही. बस एवढंच. पोर्तुगालमध्ये असंच व्हाइट कार्ड आहे, जानेवारी २०२३ ला स्पोर्टिंग-बेनफिका बायकांच्या मॅचला रेफरी कातारिना कांपोसने ते दोन्ही टीमच्या मेडिकल स्टाफला दाखवलं, स्टँडमध्ये कुणाला तरी बरं वाटत नव्हतं तिथे ते धावत गेले म्हणून. अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं. टुर्नामेंट भरवणाऱ्यांना विनंती आहे की हे आपल्याकडे आणा. खर्च एका पुठ्ठ्याचा आहे. रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवा, आणि बक्षीस समारंभाला बेस्ट स्कोअरर, बेस्ट गोलकीपर म्हणून नाव घेता तसं त्या पोराचं नाव माइकवर घ्या, त्याच्या आई-बापासमोर. ट्रॉफी नको, नाव घ्या.

तोपर्यंत मी थांबत नाही. हिरवा पुठ्ठा कापून, वरून सेलोटेप मारून माझ्या खिशात ठेवलाय. नियमात त्याला काही किंमत नाही हे मला माहीत आहे, स्कोअर बदलणार नाही, पण मी मॅच थांबवून पोराला दाखवणार आणि रिपोर्टच्या मागच्या बाजूला त्याचं नाव लिहिणार. कुणाला आक्षेप असेल त्याने असोसिएशनकडे माझी तक्रार करावी, मी उत्तर द्यायला येईन.

पालकांना एक सांगतो, घरी जाताना गाडीवर मागे बसलेल्या पोराला पहिलं वाक्य काय बोलता ते बघा. मॅचमधलं ते सगळं विसरतं, गाडीवरचं विसरत नाही, मला माझ्या बाबांचं अजून आठवतं.

आणि कोच सर, तुम्ही ज्यांना मी म्हणतोय ते, हे वाचत असाल तर तुम्हाला कळलंच असेल. माझं तुमच्याशी भांडण नाही. तुम्ही पहाटे साडेपाचला मैदानावर असता, स्वतःच्या पैशाने बॉल आणता, पोरांना सोडायला-न्यायला रिक्षा बघता, मला सगळं माहीत आहे. सेमीफायनल हातातनं गेली की डोकं फिरतं, माझंही फिरलं असतं. पण त्या पोराला बोलवा. एकट्याला नाही, सगळ्या टीमसमोर. तू त्या दिवशी बरोबर केलंस आणि मी तुला बाहेर काढलं ते माझं चुकलं, एवढं म्हणा. बाकीच्या चौदा जणांनी ते ऐकणं फार गरजेचं आहे, त्याच्याइतकंच.

पुढच्या रविवारी सकाळी तुमची मॅच आहे, रेफरी मीच आहे. १४ नंबरला सुरुवातीपासून खेळवा.

आपला,
एक रेफरी
कोल्हापूर